कमरेएवढं पाणी

३ फेब्रुवारी

चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, मी जिवंत आहे. फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही म्हणून लिहायला बसले. फोन वाजला की तुझे भाऊजी तो स्पीकरवर टाकतात, शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि माझ्या आधी उत्तर देतात. "बरी आहे, जेवली, झोपली." जणू मी घरात आणलेलं मांजराचं पिल्लू. मागच्या वेळी तू म्हणालीस, "ताई, खरं सांग, कशी आहेस?" आणि खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर यांनी पुढ्यात पाण्याचा पेला धरला.

तर खरं सांगते. वैताग आलाय मला.

छातीचं हाड मधोमध कापून तारेने पुन्हा बांधलंय, ते अजून सांधतंय, मान्य. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, हेही मान्य. पण तुझे भाऊजी पडले वजनकाटे दुरुस्त करणारे. डॉक्टर म्हणाले, "जड उचलू नका." झालं! यांनी दुकानातून ताणकाटा आणून स्वयंपाकघरात टांगला. मी कशाला हात लावायच्या आधी ती वस्तू काट्याला लागते. काल किटली नापास झाली. उशी पास झाली. मी म्हटलं, "उशी घेऊन करू काय स्वयंपाकघरात?" तर म्हणाले, "टेकून बस."

केसही तेच विंचरतात. भांग वाकडा. निम्मं आयुष्य मी लोकांना पोहायला शिकवलं, माझे खांदे बघून शिंपीण डोक्याला हात लावायची, आणि आज मला ओला टॉवेल पिळता येत नाही. तलावावर माझ्या जागी नवी बाई घेतलीय. तात्पुरती, असं साहेब म्हणतात. तात्पुरत्या माणसाला कुणी नवीन शिट्टी देतं का?

त्यात ही टिकटिक. हृदयात बसवलेली धातूची झडप. खोलीत जरा शांतता झाली की छातीतून घड्याळासारखी ऐकू येते. जो भेटतो तो म्हणतो, "होईल सवय." ज्याच्या छातीत घड्याळ नाही त्याचं म्हणायला काय जातं?

फिरायला मात्र जाते हं. रोज तलावाच्या फाटकापर्यंत. एकटी. यांना बरोबर येऊ देत नाही.

आता तुझं. डॉक्टरांनी परत बजावलंय. माझी मूळची झडप जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्यांची होती, आणि हे भावंडांतही असू शकतं. तुला इस्पितळातच सांगितलं होतं की हृदयाची ती इको नावाची तपासणी करून घे. केलीस का? गोलगोल उत्तर देऊ नकोस.

— ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी कामावर, कवळ्यांच्या साच्यांच्या कपाटाआड उभं राहून वाचलं. किटली नापास झाली तिथे इतकी हसले की हातातली कवळी खाली पडली. पुढचे दोन दात गेले. कुणा आजोबांची आहे, बिचाऱ्यांना आणखी आठवडाभर सूपवर काढावं लागणार, तुझ्यामुळे.

भाऊजींवर फार चिडू नकोस गं. तू आत बेशुद्ध होतीस तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसून सारखे स्वतःचीच बोटं मोजत होते, कमी तर झाली नाहीत ना अशी. मी चहा आणून दिला तर तो हातात धरून थंड होऊ दिला. त्या माणसाला काहीतरी मोजायला हवं असतं. मोजू दे.

पण रोज तलावापर्यंत जातेस म्हणजे शाबास! मग फाटकातून परत का फिरतेस? आत जा. काठावर बस. भीती पाण्यात नसते, पायऱ्यांवर असते, हे तूच सगळ्यांना सांगतेस ना? मग उतर की पायऱ्या. तू मनावर घेतलंस तर महिनाभरात शिट्टी परत तुझ्या गळ्यात असेल. मन खंबीर असलं की शरीर मागून येतं.

माझ्या तपासणीची काळजी सोड. ते काम उरकलं. सगळं उत्तम.

— तुझी चिमणी

२७ फेब्रुवारी

चिमणे,

मन खंबीर असलं की शरीर मागून येतं, हे वाक्य तुला कुणी शिकवलं? त्या माणसाला माझ्याकडे पाठव. माझं शरीर पुढे नाही, मागे नाही, ते खुर्चीत बसलंय.

इस्पितळाच्या व्यायामवर्गाला जायला लागले आहे. तळघरात एक खोली आहे, भिंतीला आरसे, एका जागी उभ्या सायकली. माझ्याबरोबर चार पुरुष, सगळे माझ्याहून मोठे. शिकवणारी मुलगी पोरगेलीशी, गोड आवाजाची. कुणी सायकलवरून धडपणे उतरलं तरी टाळ्या वाजवते. परवा मी हात खांद्यापर्यंत उचलला तर म्हणाली, "अरे वा, किती छान!" आणि टाळ्या. माझा तोल सुटला. म्हटलं, "बाळ, या हातांनी मी बुडणारी माणसं ओढून काढली आहेत. टाळ्या नकोत." तिने हात खाली घेतले. बाकीचे चौघे आरशात बघायला लागले. घरी येताना मलाच लाज वाटली. तिचा काय दोष? पण माफी मागायलाही जीभ वळेना.

तलावाच्या साहेबांचा निरोप आलाय. कामावर परत यायचं तर जूनमध्ये परीक्षा द्यावी लागेल. तलावाची एक लांबी न थांबता पोहायची आणि तळाशी टाकलेलं वजन वर आणायचं. नियम म्हणे सगळ्यांना सारखा. तो नियम मीच त्यांच्याकडून लिहून घेतला होता, जेव्हा त्यांच्या भाच्याला पोहता येत नसताना नोकरीला लावत होते!

तपासणी उरकली हे वाचून जिवाला बरं वाटलं. रिपोर्ट पाठव. माझ्या डॉक्टरांना बघायचाय.

— ताई

१० मार्च

चि. धाकटीस,

तुझ्या ताईच्या नकळत लिहीत आहे. मला लिहायची सवय नाही, चूकभूल घ्यावी.

ती रोज फिरायला जाते. तलावापर्यंत जाते म्हणून सांगते. मला बरोबर नेत नाही म्हणून एक दिवस मी लांबून मागे गेलो. पाळत ठेवायची म्हणून नव्हे, पडलीबिडली तर, म्हणून. ती आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. तिथेच बसून राहिली. तलावाकडे वळायचा रस्ता समोर दिसतो तिथून. मग उठली आणि घराकडे निघाली. मी धावत पुढे येऊन आधीच घरात बसलो. आल्यावर म्हणाली, "आज तलावावर फार गर्दी होती." मी म्हटलं, "असेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

तिला जूनची परीक्षा द्यायची आहे. मला ती द्यायला नको आहे. साहेब चांगले आहेत, ते तिकीट खिडकीवर जागा द्यायला तयार आहेत. बसून काम, डोक्यावर पंखा. मी सांगितलं तर ती माझं डोकं फोडेल. तुझं ती ऐकते. तू तिला समजावून सांग. तिला इस्पितळात नेताना ओठ निळे पडले होते, ते मला अजून दिसतात.

— तुझे भाऊजी

१८ मार्च

ताई,

खूप विचार करून लिहितेय, शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

तिकीट खिडकी वाईट नाही गं. तलावावरच राहशील, तीच माणसं, तोच पाण्याचा वास. परीक्षा द्यायलाच हवी असं कुठे आहे? तुला कुणाला काय सिद्ध करून दाखवायचंय? सायकलच्या दुकानाबाहेर बसून तलावाच्या रस्त्याकडे बघत राहण्यापेक्षा खिडकीत बसलेलं काय वाईट? थोडं शरीराचं ऐक. सगळं आपल्या हातात नसतं.

आमच्याकडे काम फार आहे, रिपोर्ट शोधून पाठवते.

— चिमणी

२३ मार्च

चिमणे,

तर सायकलच्या दुकानाबाहेरचा बाक तुझ्यापर्यंत पोहोचला. इतक्या लांबून तुला तो दिसत नाही, म्हणजे कुणीतरी दाखवला. तो कोण हे विचारायची गरज नाही. आत्ता शेजारच्या खोलीत खाकरतोय.

फेब्रुवारीत तू म्हणालीस, उतर पायऱ्या. मार्चमध्ये म्हणतेस, शरीराचं ऐक. एकदा काय ते ठरवा दोघांनी मिळून आणि मला कळवा.

हो, बसते मी त्या बाकावर. तलावाच्या वळणाशी आलं की टिकटिक कानात चढते. मग वाटतं, तिथे जाऊन उभी राहिले आणि तिथल्या तिथे कोसळले तर? लहान पोरं असतात तिथे. हे तुला सांगायला लाज वाटली म्हणून खोटं लिहिलं. पण ते सांगायचं की नाही हे मला ठरवू द्यायला हवं होतं.

मी पाण्यात उतरणार आहे. डॉक्टरांची परवानगी मिळाली की त्याच दिवशी. मला पत्र लिहू नकोस.

— ताई

१९ एप्रिल

चिमणे,

तू खरंच लिहिलं नाहीस. इतकी कधीपासून आज्ञाधारक झालीस?

उतरले मी. काय झालं ते तुलाच सांगते, यांना सांगायची हिंमत नाही. घरी फक्त "बरं झालं" एवढंच म्हटलंय.

परवानगी मिळाली त्या दिवशी सकाळी तलावावर गेले. नव्या बाईचा मोठ्या माणसांचा वर्ग चालू होता. ती स्वभावाने चांगली आहे, म्हणाली, "तुम्हाला पाहिजे तो कोपरा घ्या." मी उथळ बाजूच्या पायऱ्या उतरले. पाणी कमरेला लागलं. थंडगार. आणि चिमणे, मला बरं वाटलं गं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं वजन कुणीतरी उचलून धरलं. मला वाटलं, झालं की! उगाच घाबरत होते. मग श्वास भरला आणि तोंड पाण्यात घातलं.

पाण्याखाली आवाज किती मोठा होतो हे मी सगळ्यांना शिकवते आणि स्वतःच विसरले. टिकटिक नव्हती ती, हातोडा होता. डोक्याच्या कवटीत. मला वाटलं झडप निसटली. मी वर आले ती ओरडतच. "वाचवा!" म्हणून. मी! सगळा वर्ग थांबला. हात कुठे टाकतेय, पाय कुठे, काही कळेना, नाकातोंडात पाणी. तेवढ्यात कुणीतरी कोपर धरलं. मागच्या वर्षी माझ्याच वर्गात होते ते निवृत्त पोस्टमन. काखेत अजून फुगा. त्यांना मी सहा महिने शिकवलं तरी काठ सोडवला नव्हता. ते काठ सोडून आले होते. मला म्हणतात, "बाई, पाय टेकवा. पाणी कमरेएवढंच आहे."

माझंच वाक्य. जसंच्या तसं.

मी पाय टेकवले. उभी राहिले. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. हसले असते तर भांडता आलं असतं.

आता साहेबांना सांगणार आहे की तिकीट खिडकी द्या. तुम्ही दोघं जिंकलात.

रिपोर्टचं काय झालं? कधीचा मागितलाय. डॉक्टर परवा पुन्हा विचारत होते. शोधायला काय तो समुद्रात पडलाय?

— ताई

२८ एप्रिल

ताई,

रिपोर्ट नाही. सापडत नाही असं नव्हे, नाहीच. मी गेलेच नाही.

रागावशील हे ठाऊक आहे. पूर्ण सांगते, मग रागाव.

तुझ्या शस्त्रक्रियेनंतर आत सोडलं तेव्हा मी तुला पाहिलं. तोंडात नळी, गळ्यात नळी, हात पलंगाला बांधलेले. त्या बांधलेल्या हातांकडे बघून मी ठरवून टाकलं की मला काही तपासायचं नाही. असेल ते असू दे, मला सांगू नका. घरी आल्यावर तरी मी इस्पितळात जायचा प्रयत्न केला, शपथेवर. काचेचं दार आहे तिथे, समोर गेलं की आपोआप उघडतं. ते उघडतं आणि मी वळते. दाराजवळचा रखवालदार आता मला ओळखतो. शेवटच्या वेळी म्हणाला, "बाई, आत यायचंय की दार तपासायला येता?"

आणि तुला तिकडे पत्रांतून लिहीत होते, मन खंबीर कर, पायऱ्या उतर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तर खरीच कोरडी, तुझ्यासारखी बहीण असून आयुष्यात कधी पाण्यात पाय घातला नाही.

आणखी एक. हल्ली कामावरचे जिने चढताना मला धाप लागते. मी मधल्या वळणावर उभी राहून चपलेचा पट्टा नीट करते, म्हणजे कुणाला कळत नाही. वय झालं, वजन वाढलं, असं मनाला सांगते. तू कमरेएवढ्या पाण्यात ओरडलीस म्हणून तुला लाज वाटते. ताई, तू ओरडलीस तरी. मला तेही जमत नाहीये.

— चिमणी

२ मे

चिमणे,

पत्र वाचून आधी तुला फाडून खावंसं वाटलं. अजूनही वाटतंय. ते समोरासमोर करू.

मी येतेय. शनिवारच्या गाडीने. एकटी. तुझे भाऊजी बरोबर येतो म्हणत होते, त्यांना म्हटलं, "तुम्ही आलात तर मला दोन माणसं सांभाळावी लागतील." ते रुसलेत.

सोमवारी आपण त्या दारातून आत जाणार आहोत. तोवर जिने चढताना घाई करू नकोस. आणि मला ‘सगळं उत्तम’ असं पुन्हा लिहिलंस तर याद राख.

— ताई

१४ मे

अहो,

पोहोचल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही एवढे प्रश्न विचारलेत की सांगायचं ते राहूनच गेलं. आता सावकाश वाचा आणि मधे बोलू नका.

प्रवास बरा झाला. गाडीत समोरच्या माणसाला म्हटलं, "माझी छाती कापलेली आहे, जरा बॅग वर ठेवता का?" तर अर्धा डबा उठून उभा राहिला. नंतर एका बाईने तिच्या नणंदेच्या शस्त्रक्रियेची गोष्ट उतरेपर्यंत सांगितली. नणंद वारली होती, हे तिने शेवटच्या स्टेशनाच्या आधी सांगितलं. अशी माणसं.

सोमवारी इस्पितळात गेलो. चिमणीचं दार म्हणजे साधं काचेचं दार हो. ते उघडलं आणि ती थबकली. माझ्या जिभेवर आलं होतं, "काही होत नाही गं." गिळलं. हे वाक्य मी या काही महिन्यांत इतक्यांदा ऐकलंय की माझ्याच्याने कुणाला म्हणवेना. ती म्हणाली, "ताई, तू पुढे हो." मी म्हटलं, "नाही, तू पुढे. मी मागे उभी आहे. वळलीस तर माझ्यावर आदळशील, आणि माझं हाड आत्ताच सांधलंय." तिने माझ्याकडे असं बघितलं की मारणारच. आणि आत गेली. रखवालदाराने टोपी काढली.

मी तिच्या उशाशी बसले होते. पडद्यावर तिची झडप दिसली. माझी होती तशीच, दोनच पाकळ्या, माशाच्या तोंडासारखी उघडमीट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झडप थोडी आखडली आहे, पण शस्त्रक्रिया आत्ता नाही. पुढे लागू शकते. दरवर्षी तपासायचं, वजन उतरवायचं, झेपेल तेवढा व्यायाम करायचा. धाप थोडी झडपेची, बरीचशी बैठ्या कामाची. चिमणीने विचारलं, "म्हणजे माझंही उघडणार कधीतरी?" त्या म्हणाल्या, "कदाचित. पण आज नाही." बाहेर आल्यावर ती खूप रडली, मग खूप जेवली.

आता जे सांगायला पत्र लिहिलं ते. जेवताना मला म्हणते, "झेपेल तेवढा व्यायाम म्हणजे काय करू? मला पोहायला शिकव." मी म्हटलं, "मी तिकीट खिडकीवाली आहे." तर म्हणाली, "मग मला शिकण्याचं तिकीट फाड."

तिच्या घराजवळ तलाव आहे, आमच्या तलावापेक्षा लहान, फरशा निसटलेल्या. काल गेलो. मी साध्या कपड्यांत काठावर बसले, नुसते पाय पाण्यात सोडून, आणि तिथूनच सांगत होते. चिमणी तीन पायऱ्या उतरली आणि कठडा धरून बसली. कठडा सोड म्हटलं तर सोडेना. मी सांगतेय, समजावतेय, आवाज चढतोय, ती डोळे मिटून मला शिव्या घालतेय. आजूबाजूची पोरं बघायला लागली. अहो, मला असा राग आला! तिचा, माझा, त्या दोन पाकळ्यांचा, तुमच्या खिडकीवरच्या पंख्याचा. भीती गेली असं नाही, खोटं कशाला सांगू. प्रत्येक पायरीवर वाटत होतं की आता पुन्हा ओरडेन. पण राग जास्त होता. मी कपड्यांसकट उतरले, कठड्यावरची तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिच्या पाठीखाली हात घातला. ती तरंगली. दोन श्वास असेल, जास्त नाही. छातीचं हाड दुखत होतं, पण तिला धरलं मी.

तेवढ्यात तिथल्या माणसाने जोरात शिट्टी मारली आणि ओरडला, "ओ बाई! पोहण्याच्या पोशाखाशिवाय पाण्यात उतरायचं नाही, बाहेर या!" आयुष्यभर मी लोकांवर जी शिट्टी मारली ती माझ्यावर. तो बरोबरच होता म्हणून बोलताही येईना. आम्ही दोघी निथळत बाहेर आलो. चिमणी वाटभर हसत होती. मी नव्हते हसत, मी चिडलेलीच होते.

तोंड मी अजून पाण्यात घातलेलं नाही. तो हातोडा पुन्हा ऐकायची छाती नाही. जूनच्या परीक्षेला बसेन, बहुतेक नापास होईन, मग पुढच्या वेळी बसेन. साहेबांना खिडकीबद्दल अजून काही बोलू नका. चिमणी कठड्याशिवाय उभी राहीपर्यंत मी इथेच राहणार आहे.

तर माझा पोहण्याचा पोशाख ताबडतोब पाठवा. तुम्ही तो कपाटातून काढून तुमच्या हिवाळ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात कोंबून ठेवलाय, मला इस्पितळातून आल्या दिवसापासून ठाऊक आहे. टोपी दुसऱ्या खिशात आहे. तीही पाठवा.

— तुमची